संत्या, बर्फाचं काम कोल्हापुरातून पण होतं

कोल्हापूर, रविवार रात्र

संत्या भावा,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज रंकाळ्यावर भेळ खाता खाता ऐकला. "बर्फावर रिसर्च करायचाय पण बर्फ फक्त उसाच्या रसात बघितलाय" म्हणालास आणि स्पीकर चालू होता, भेळवाला पण हसला. अरे मी तरी कुठं बघितलाय? दोन वर्षं हिमनद्यांच्या सॅटेलाइट इमेज घेऊन बसलोय, पाऊल एकदा पण ठेवलेलं नाही.

आणि तुला नवीन काय शिकायचंय? 2019 च्या महापुराचा मॅप केलेलास की सेंटिनेल-वन ह्या रडार सॅटेलाइटवरनं. पुराचं पाणी सपाट, रडारचा सिग्नल पलीकडं उडून जातो, परत काहीच येत नाही, म्हणून अख्खा शिरोळ तालुका काळा दिसलेला. आता गंमत बघ, वितळायला लागलेला बर्फ पण रडारला काळपटच दिसतो, पण कारण वेगळं, ओला बर्फ सिग्नल पिऊन टाकतो. कोरडा असला तर सिग्नल आरपार जातो, खालची जमीनच दिसते. म्हणजे कुठल्या खोऱ्यात वितळणं कधी सुरू झालं हे ढग असले तरी घरात बसून कळतंय.

बर्फ कुठवर पसरलाय ह्यावर लई काम झालंय, नासाच्या सॅटेलाइटवरचा मोडिस सेन्सर 2000 पासून जवळजवळ रोज इमेज देतोय, त्यात शिरू नकोस. घोडं अडलंय ते त्या बर्फात पाणी किती ह्यावर. जुन्या मायक्रोवेव्ह सेन्सरचा एक पिक्सेल साधारण 25 किलोमीटरचा, म्हणजे कोल्हापूर ते जवळजवळ इचलकरंजी एका ठिपक्यात! हिमालयात तेवढ्यात चार दऱ्या येतात, काय कळणार डोंबल. म्हणून निसारकडं लक्ष ठेव, इस्रो आणि नासाचा रडार सॅटेलाइट, 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्यावरनं गेला, 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो. त्याचा एल-बँड, म्हणजे लांब लहरींचा रडार सिग्नल, कोरड्या बर्फातनं जाताना जरा हळू होतो, तर दोन फेऱ्यांतला तो फरक मोजून बर्फ किती वाढला काढायचा, ह्यावर लोकं लागलीत. मला विचारशील तर तुझी जागा इथं आहे.

2023 ला सिक्कीममध्ये साउथ ल्होनाक हा हिमनदीच्या पाण्याचा तलाव फुटला, तेव्हापासून जो तो तलावांच्या मागं. मी पण लागलो, एकदा डोंगराआड एकदम नवा तलाव सापडला, नाचत नाचत सरांना दाखवला, त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "ही कड्याची सावली आहे." सॅटेलाइट दुसऱ्या बाजूनं गेल्यावरची इमेज लावली तर तलाव गायब. तेव्हापासनं दोन्ही बाजूच्या फेऱ्या बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

जागांचं म्हणशील तर डेहराडूनला आयआयआरएस (इस्रोची रिमोट सेन्सिंगची संस्था) आणि वाडिया (हिमालयाच्या भूगर्भाची संस्था), अहमदाबादला सॅक (ते पण इस्रोचंच), आणि आंबोली उतरलं की गोव्यात एनसीपीओआर, म्हणजे ध्रुवीय संशोधनाचं केंद्र, त्यांचं स्पितीत हिमांश नावाचं स्टेशन आहे, 2016 पासून. जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, महिन्याला 37 हजार अधिक घरभाडं, वेळेवर आलं तर. माझं एकदा चार महिने आलं नव्हतं, मेसवाल्याला तोंड चुकवत फिरलो, ते काकूंना सांगू नकोस.

डेटा फुकट आहे, लॅपटॉप तुझा जुनाच चालतोय, गूगलच्या अर्थ इंजिनवर अकाउंट काढ. लाहौलमधल्या चंद्रा खोऱ्याची सेंटिनेल-वनची जानेवारीतली एक इमेज आणि मे मधली एक, शेजारी शेजारी लावून बघ. काळं काय झालं ते दिसलं की फोन कर, रात्री अकरानंतर केलास तरी चालतंय की.

तुझाच,
बंड्या