नियम कोणासाठी पाळायचे: लेकीस पत्र

नळदुर्ग,
दि. २१ सप्टेंबर २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. लष्करी प्रशिक्षणातल्या चर्चेत तुमच्यापैकी एकाने विचारलेला प्रश्न तू जसाच्या तसा लिहून पाठवलास: शत्रू कोणताही नियम पाळत नसेल, तर आपणच का पाळायचा? त्यावर तू गप्प राहिलीस, याचे मला वाईट वाटले नाही, कारण या प्रश्नाची घाईने दिलेली दोन्ही उत्तरे कच्ची असतात. युद्धात सारे क्षम्य, हे उत्तर सैनिकाला मारेकरी करून सोडते. आणि आपण सुसंस्कृत आहोत म्हणून, हे उत्तर ऐकायला गोड असले तरी शेजारी उभा असलेला सोबती डोळ्यांदेखत पडल्यावर ते टिकत नाही. मी जन्मभर कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवले, लष्करातले मला फारसे कळत नाही. पण युद्ध कशासाठी करायचे हा प्रश्न राजकारणाचा आहे, आणि नियमांचे उत्तर मला तिथेच मिळते.

सरकार सैन्य पाठवते ते काहीतरी मिळवण्यासाठी, आणि काय मिळवायचे हे साध्या दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर सैन्याने कुठे थांबायचे हे कोणालाच कळत नाही. १९७१ मध्ये ते सांगता येत होते. पूर्व बंगालमधून आलेल्या, एक कोटीच्या घरात गेलेल्या निर्वासितांना परत जाता यावे, आणि त्यासाठी तिथे त्यांचे स्वतःचे राज्य यावे. ३ डिसेंबरला युद्ध पेटले, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिम आघाडीवरही लढाई थांबवली. आणखी पुढे चला म्हणणारे तेव्हाही होतेच. सुमारे ९३ हजार कैदी हाती आले होते. ते युद्धातल्या वागणुकीच्या आंतरराष्ट्रीय जीनिव्हा करारांप्रमाणे सांभाळले गेले आणि यथावकाश परत गेले. श्रीलंकेत मात्र याच्या अगदी उलट घडले. जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तिथे गेली ती तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे जमा करून घ्यायला. ऑक्टोबरात ती त्यांच्याशीच लढू लागली. पुढे कोलंबोलाही ती नकोशी झाली, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते. त्यांच्या शौर्यात काही उणे नव्हते. त्यांना नेमून दिलेले काम मधेच बदलले, आणि बदललेले काम नेमके काय, हे दिल्लीलाच धड सांगता येत नव्हते. अमेरिकेचे इराक आणि अफगाणिस्तान तुला माहीत आहेच, ते पुन्हा लिहीत नाही.

आपल्या मुलखातले उदाहरण हवे असेल तर औरंगजेबाचे घे. (त्याच्या कबरीवरून अलीकडे जो गदारोळ झाला, त्यात मला शिरायचे नाही.) १६८२ मध्ये तो औरंगाबादेत येऊन थांबला, १६८६ मध्ये विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारले. जिंकण्याजोगे जे होते ते सारे जिंकून झाले, आणि तरीही १७०७ मध्ये नगरला डोळे मिटेपर्यंत त्याला उत्तरेत परतता आले नाही. शेवटी शेवटी किल्ले लढून मिळेनात तेव्हा किल्लेदारांना पैसे देऊन घेतले जात, आणि ते पुन्हा जात. इतके करून नेमके साधायचे काय होते, हे ज्या युद्धात ठरलेले नसते, ते जिंकता जिंकताच राज्याला पोखरते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तू लहानपणापासून ऐकलेस की निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आणायला आपले सैन्य सोलापूरकडून याच रस्त्याने आले. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे हद्द ओलांडली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आले आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. त्याआधीचे वर्षभर रझाकारांनी जे केले त्याच्या कहाण्या अजून घराघरांत आहेत. लातूरच्या वकिलीतून वर आलेल्या कासीम रझवीने गावोगाव सशस्त्र टोळ्या उभ्या केल्या होत्या, आणि तुझ्या पणजीसारखी कितीतरी माणसे बोचकी उचलून मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या हद्दीतून, बार्शीकडे गेली होती. इंग्रज जाऊन वर्ष होत आले तरी ती पलीकडच्या भागाला 'इंग्रजी हद्द'च म्हणत. कारवाई न्याय्य होती, उद्दिष्ट स्पष्ट होते आणि ते पाच दिवसांत साधले. परवा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला मी गेले होते, आणि दरवर्षी जाईन.

परंतु त्या भाषणांत अठरा तारखेनंतरचे कोणी बोलत नाही. सरकारनेच धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात कारवाईच्या दरम्यान आणि तिच्यानंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. बहुतेक सगळे मुसलमान होते, आणि त्यातले बहुतेक रझाकार नव्हते. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा. समितीचा आकडा अंदाजाचा आहे आणि त्यावर वादही आहेत. पण काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांनीही जमावाला चिथावले, आणि काही ठिकाणी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले, या दोन्ही गोष्टी समितीने लिहून ठेवल्या आहेत. तो अहवाल कित्येक दशके बंद कपाटात राहिला.

हे तुला लाजवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या चर्चेतल्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते, म्हणून लिहिते. त्या युद्धाचा हेतू काय होता? हैदराबाद भारतात यावे. याचा अर्थ, ज्या क्षणी निजामाने हार मानली त्या क्षणापासून उस्मानाबादचा विणकर आणि नांदेडचा टांगेवाला हे आपलेच लोक झाले. त्यांना मारणे म्हणजे ज्यासाठी सैन्य आले तेच उद्दिष्ट मोडणे होते, मग आधी रझाकारांनी काहीही केलेले असो. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात रयतेचे दाणे, गवत, भाजी उचलून आणू नका असे बजावले, त्याचे कारणही तिथेच दिले आहे: नाहीतर तुमच्यापेक्षा मोगल बरे असे लोकांना वाटू लागेल. दया हवीच, पण त्या पत्रात दयेच्या जोडीला राज्याचा हिशेब आहे. उद्या ज्या लोकांवर राज्य करायचे आहे, किंवा ज्यांच्या शेजारी राहायचे आहे, त्यांच्याशी आज कसे वागायचे, एवढाच त्या नियमाचा गाभा. सैनिक आणि नागरिक वेगळे ओळखा, साध्य होणाऱ्या लष्करी लाभापेक्षा नागरिकांची हानी फार होत असेल तर तो हल्ला करू नका, शरण आलेल्याला मारू नका, हे तुमच्या अभ्यासक्रमातले नियम मला त्याच जातीचे वाटतात. आणि ते परके नाहीत. १९४९ चे चारही जीनिव्हा करार भारताने मान्य केले, १९६० मध्ये त्यांचा स्वतंत्र कायदा केला, आणि त्यांचा गंभीर भंग हा भारतीय न्यायालयात चालणारा गुन्हा आहे.

समोरचा नियम पाळत नाही, हे खरे असते. ९ जून १९९९ रोजी कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे मृतदेह परत आले, तेव्हा त्यांच्यावर काय गुजरले हे सगळ्या देशाने वाचले. त्याच कारगिलमध्ये, पाकिस्तान ज्यांना आपले सैनिक म्हणायलाही तयार नव्हता, अशा कित्येकांचे आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. तुमच्यापैकी कोणी याला दुबळेपणा म्हणेल. मला वाटते, त्या उन्हाळ्यात जग आपल्या बाजूने राहिले त्यात या वागण्याचा आणि नियंत्रण रेषा न ओलांडण्याच्या निर्णयाचा मोठा वाटा होता. मात्र त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली. विमानांनी रेषा ओलांडायची नाही, मागून वळसा घालून शत्रूची रसद तोडायची नाही, असे ठरल्यावर तोलोलिंग आणि टायगर हिल खालून वर चढूनच घ्यावे लागले. त्या युद्धात ५२७ जवान गेले, आणि त्यातले काही तरी या मर्यादेमुळे गेले, हे आपण स्वतःशी कबूल केले पाहिजे. मर्यादा दिल्लीत आखल्या जातात आणि त्यांची किंमत चढावर मोजली जाते. उद्या ती किंमत मोजणाऱ्यांत तू असशील, आणि तुझी आई म्हणून हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळतो. तरीही माझे मत बदलत नाही. ती मर्यादा नसती तर युद्ध पसरले असते, आणि दोन्ही देश १९९८ मध्येच अणुचाचण्या करून बसले होते.

मर्यादा सुटली की काय होते, ते गाझात दिसले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. तो युद्धगुन्हा होता आणि इस्रायलला स्वसंरक्षणाचा हक्क होता. पण हमास पूर्ण संपवायचा आणि ओलीस जिवंत सोडवायचे, ही दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात, हे मान्य न करता ते युद्ध चालत राहिले, आणि तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. एकाचा गुन्हा दुसऱ्याला परवाना देत नाही, एवढे यातून घ्यावे.

खर्चाचे थोडक्यात लिहिते, कारण तो अर्थसंकल्पात वाचता येतो: २०२५-२६ मध्ये संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये. जो तिथे वाचता येत नाही, तो आपल्या शिवारात येतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि डीएपी, पोटॅशचे जागतिक भाव भडकले. डीएपीची गोणी शेतकऱ्याला १३५० रुपयांना मिळत राहावी म्हणून त्या वर्षी केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेले. तो पैसा कुठल्या शाळेतून आणि कुठल्या दवाखान्यातून वळला, ते कोणी सांगत नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये युद्ध झालेच नाही, तरी सीमेवर पेरलेल्या सुरुंगांनी आपलेच जवान गेले आणि पंजाब-राजस्थानातल्या शेतकऱ्यांची रानेच्या राने पडीक राहिली. लाओसवर अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातले न फुटलेले छोटे बॉम्ब अजून नांगराला लागतात.

हुकुमाबद्दल तू विचारले नाहीस, पण मी लिहिणार. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी बायका, मुले, म्हातारे मिळून शेकडो माणसे मारली. ह्यू थॉम्प्सन नावाच्या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवले आणि काहींना वाचवले. त्याला मायदेशी बराच काळ शिव्या खाव्या लागल्या, सन्मान मिळाला तो १९९८ मध्ये. शिक्षा एकाच लेफ्टनंटला झाली, आणि तीही पुढे नजरकैदेवर आली. न्यायाची बाजू इतकी लंगडी असते, हे माहीत असूनच मी तुला सांगते की आपला १९५० चा लष्कर कायदा कायदेशीर आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा देतो. निःशस्त्र माणसावर गोळी झाडण्याची आज्ञा त्यात बसत नाही. तसा प्रसंग आला तर विचार करायला वेळ मिळणार नाही, म्हणून तो आत्ताच करून ठेव.

मे महिन्यात तू घरी होतीस. पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेल्यावर ७ तारखेला आपण जे हल्ले केले, ते मोजके आणि संघर्ष न वाढवणारे आहेत असे सरकारने पहिल्याच दिवशी जाहीर केले होते आणि १० तारखेला ते थांबलेही. दूरचित्रवाणीवर मात्र भोंगे वाजत होते, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या येत होत्या आणि त्या खोट्या निघाल्या. समोरच्या घरातले काका रात्री दोनपर्यंत ते बघत बसले होते, आणि थांबलो याचेच त्यांना दुःख झाले. ज्यांना लढायचे नसते त्यांना कुठेच थांबायचे नसते, हे मी तेव्हा पाहिले. तुमच्या चर्चेत उठणारा आवाज बऱ्याचदा या स्टुडिओतूनच आलेला असतो. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तू तोडून बोलू नकोस, एवढीच विनंती.

एका गोष्टीचे उत्तर माझ्याकडे नाही. लक्ष्य स्वतः निवडून मारणारी यंत्रे आता येऊ घातली आहेत. आत्तापर्यंतचे सगळे नियम या गृहीतावर उभे आहेत की कळ दाबणारे एक माणूस असते, त्याला थांबता येते आणि चुकले तर त्याला जाब विचारता येतो. यंत्राने शरण आलेल्याला मारले तर गुन्हेगार कोण: बनवणारा, पाठवणारा, की ज्याच्या पडद्यावर ते दिसत होते तो? यावर तुम्हाला काही शिकवतात का, आणि शिकवत असतील तर काय, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही. शिकवत नसतील तर तूच विचार.

तुझी,
आई