मृत्यूनंतरही टिकणारे नाते

मा. संपादक, स.न.वि.वि.

मुलीकडे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत चार महिने राहून नुकतीच परतले. शेजारच्या आजी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली, तरी त्या ‘आम्ही दोघे’ असेच बोलतात. त्यांचे लग्न मंदिरातल्या ‘सीलिंग’ विधीने लागलेले. मरेपर्यंत नव्हे, अनंतकाळासाठी. मुलेही त्याच बंधनातली.

तिथल्या मंदिरांत बारा बैलांच्या मूर्तींनी पेललेले कुंड असते. त्यात जिवंत माणूस मृत पूर्वजाच्या नावाने बुडी मारून बाप्तिस्मा घेतो. ही प्रथा १८४० पासूनची. याला सरसकट मृतांचे धर्मांतर म्हणणे मला पटत नाही, कारण तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्यानेच ठरवायचे, अशी त्यांची श्रद्धा आहे. मात्र होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे त्यात आली, तेव्हा ज्यू समाज दुखावला. ते दुःख रास्तच होते. १९९५ मध्ये मॉर्मन चर्चने हे थांबवण्याचे मान्य केले.

आजी मला तिथल्या वंशावळींच्या ग्रंथालयात घेऊन गेल्या. प्रवेश विनामूल्य. संगणकासमोर बसवून त्यांनी माझ्या आईच्या आजीचे नाव विचारले. मला ते सांगता आले नाही. आता गावी मामांकडे जाऊन विचारणार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा