थंडीत ठणकणारं नख दरवेळी वातच नसतं

माननीय संपादक, स. न. वि. वि.

निफाडचा पारा घसरला की तुम्ही पहिल्या पानावर बातमी देता, त्याच थंडीत वाढणाऱ्या एका दुखण्याबद्दलही छापा म्हणून हे पत्र. माझ्या डाव्या अनामिकेच्या नखाखाली सहा वर्षं कळ होती. दिसायला काही नाही, उजेडात नीट बघितलं तर नखाच्या मुळाशी निळसर ठिपका, बस. पण सकाळी बागेत द्राक्षाच्या घडांचं डिपिंग, म्हणजे घड मगातल्या औषधाच्या पाण्यात बुडवणं, करताना त्या गार पाण्यात बोट गेलं की कळ थेट खांद्यापर्यंत जायची, हातातला मग खाली पडायचा. रात्री गोधडीचा काठ लागला तरी जाग यायची.

कोणी वात म्हणालं, कोणी कॅल्शियम कमी, कोणी बुरशी म्हणून मलम दिलं, एक्सरे दोनदा नॉर्मल आला, आणि एका ठिकाणी तर मिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की बाईंना टेन्शन आहे, झोपेची गोळी देतो. ते मला फार लागलं, दोन दिवस कोणाशी बोलले नाही मी.

शेवटी नाशकातच हाताची ऑपरेशनं करणाऱ्या एका सर्जनकडे गेले. त्यांनी टाचणीच्या डोक्याने नखावर एकेक जागा दाबली, एका जागी मी ओरडलेच, जरा बाजूला दाबलं तर काही नाही. मग हात वर धरायला लावून दंडाला बीपीचा पट्टा फुगवला आणि तीच जागा परत दाबली तर दुखलंच नाही! म्हणाले ग्लोमस ट्यूमर वाटतोय, नंतर एमआरआयमध्येही तेच आलं. बोटांच्या टोकाला थंडी-उष्णतेप्रमाणे रक्त कमी-जास्त सोडणाऱ्या वाहिन्यांचे बारीक झुबके असतात, त्यातल्याच एकाची ही गाठ, बायकांना जास्त होते, आणि कॅन्सरची जवळजवळ कधीच नसते. अशा दुखऱ्या गाठीचं वर्णन १८१२ सालीच लिहिलं गेलंय म्हणे. दोनशे वर्षं! हे ऐकून मला तिथेच रडू आलं.

ऑपरेशनला फक्त बोट बधिर केलं, मुळाशी रबर आवळून रक्त थांबवलं, नख उचलून खालची त्वचा चिरली, गाठ अख्खी काढली आणि नख परत बसवलं. थोडी राहिली तर परत वाढते म्हणून घाई केली नाही त्यांनी. तपासणीला पाठवायच्या डबीत मला दाखवली, मसुरीच्या डाळीएवढी, लालसर. संध्याकाळी घरी आले. नवीन नख पूर्ण यायला पाचेक महिने लागले.

हातापायावरची रक्तवाहिन्यांची प्रत्येक गाठ कापायचीच असते असं मात्र नाही हं, तान्ह्या बाळाची लाल गाठ बऱ्याचदा आपोआप बसते, आणि गरम लागणारी, ठोके जाणवणारी गाठ असेल तर ती चोळू नका, आधी डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या.

माझी विनंती एवढीच की आपल्या आरोग्य पुरवणीत यावर लिहा, आणि गावोगावच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी असं बोट घेऊन बाई आली तर झोपेची गोळी लिहायच्या आधी टाचणीने नख दाबून बघावं.

एक वाचक, मखमलाबाद, नाशिक