तोच रस्ता दोन तास आधी पोरांना द्या

मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी, ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे संघ, आणि सुरुवातीलाच पुण्यात साडेसात किलोमीटरचं प्रोलॉग, म्हणजे मोठ्या टप्प्यांआधीची छोटी टाइम ट्रायल. ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. पहाटे सात-आठ पोरापोरींचा सराव घेतो. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून सगळ्यांना एसटीने पुण्याला आणलं आणि बॅरिकेडला चिकटून उभे राहिलो. परत येताना दहावीतली एक पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, त्या रस्त्याला एक पण खड्डा नव्हता." शर्यतीबद्दल दुसरं काही बोललीच नाही.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की लोकांना मुंबई-पुणे आठवते, बोरघाट आठवतो, घाटाचा राजा आठवतो. टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत, बघायला कुणी थांबत नाही. बघण्यासारखं असतं काय? एकेक जण सुटतो, एकटाच जातो, एकटाच येतो. पण पोरांचा खरा कस इथेच लागतो. घोळक्यात पुढच्याच्या चाकाला चाक लावून वारा चुकवता येतो. इथे पुढे कुणीच नाही. चाळिसाच्या वेगाला पायातली बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. म्हणून इथे अंग किती वाकतं आणि सायकल कोणती, याला घोळक्यापेक्षा कितीतरी जास्त मोल आहे.

आणि सायकल कशीही चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वजन ६.८ किलोच्या खाली नको, सीटचं टोक क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या, मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून किती पुढे चालेल याला मर्यादा, पुढचे एरोबार, म्हणजे कोपरं टेकवून धरायचे दांडे, किती लांब हे खेळाडूच्या उंचीवर ठरतं. सुटण्याआधी पंच मोजतात. आम्ही ते शेजारच्या गवंड्याच्या ओळंब्याने मोजतो. हसू नका, ओळंबा खोटं बोलत नाही.

खोटं बोलली ती माझी फरशी. दोन वर्षांपूर्वी एका निवड चाचणीला आमची मुलगी साध्या रोड बाइकवर जुने एरोबार लावून गेली. बार सैल बसत होते म्हणून खाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. पंचांनी मोजलं तर सीट नियमापेक्षा ८ मिलिमीटर पुढे. माझ्या दुकानाची फरशी मोरीकडे उतरती, मी मोजताना मागचं चाक मोरीच्या बाजूला होतं, त्यामुळे सीट होती त्याहून मागे दिसली. पंचांचं काहीच चुकलं नाही, चूक माझी. सुटायला पाच मिनिटं राहिली असताना मी सीट मागे ओढली. महिनोनमहिने ज्या बैठकीवर पाय बसवले, ती ऐनवेळी बदलली. पोरगी रडली नाही, पण परत येताना माझ्याशी बोलली पण नाही. फरशी मी पुढच्याच आठवड्यात सपाट करून घेतली.

साहेब, सगळीच फरशी माझ्या हातात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये रवांडातल्या किगालीत जागतिक रोड स्पर्धा झाली, आफ्रिकेतली पहिलीच. शहर सगळं टेकड्यांचं. तिथे ज्युनियरची, म्हणजे १७-१८ वर्षांच्या पोरांची टाइम ट्रायल झाली, आणि मुलांचं आणि मुलींचं, दोन्ही सुवर्णपदकं नेदरलँड्सने नेली. ज्यांच्या देशात धड डोंगर नाही त्यांनी चढावर सगळ्यांना मागे टाकलं. तिथल्या क्लबांना सरावासाठी गाड्यांपासून बंद असलेले रस्ते आहेत. आमच्या दाराशी सह्याद्री आहे, पण हंगामात पहाटे पाचला अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागे एक लाल दिवा नाही. टाइम ट्रायलमध्ये मान खाली घालून जायचं असतं. मी पोरांना ओरडून सांगतो, मान वर ठेवा. म्हणजे जे शिकवायचं त्याच्या उलटं शिकवतो.

सोय मिळाली की आपली पोरं काय करतात हेही दिसलं आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीत सायकल शर्यतींचा छताखालचा लाकडी ट्रॅक झाला. तिथे घडलेली अंदमानचा इसो अल्बेन आणि मणिपूरचे रोनाल्डो आणि रोजित ही पोरं २०१९ मध्ये जर्मनीत ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं, म्हणजे तिघांच्या संघाच्या छोट्या वेगवान शर्यतीचं, सुवर्ण जिंकून आली. ट्रॅक वेगळा आणि रस्ता वेगळा, मान्य. घड्याळ तेच.

माझं मुख्य मागणं एकच आहे. पुढच्या ग्रँड टूरच्या प्रोलॉगच्या दिवशी तोच रस्ता पोरांना दोन तास आधी द्या. रस्ता बंद असतोच, बॅरिकेड असतात, पोलीस असतात, रुग्णवाहिका असते. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींची टाइम ट्रायल त्यातच होऊन जाईल. मुलींची तर आवर्जून घ्या, कारण मोठी शर्यत पुरुषांचीच होती. मग त्या ४३७ किलोमीटरपैकी दहा किलोमीटर महिन्यातल्या एका रविवारी पहाटे तीन तास बंद ठेवा, पोरांना मान खाली घालू द्या.

सायकलींचं तेवढं बघा. टाइम ट्रायलची खास सायकल, म्हणजे टीटी बाइक, लाखांत जाते, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींचं आयात शुल्क ३० वरून ३५ टक्के केलं गेलं. ते दिल्लीचं काम, आपण एक पत्र टाकू शकता. प्रत्येक विभागात वेगवेगळ्या मापाच्या चार सायकली ठेवल्या आणि स्पर्धेआधी दोन महिने वापरायला दिल्या, तरी पुष्कळ झालं. पण सायकलीला वेळ लागणार असेल तर लागू द्या, त्यासाठी रस्ता द्यायचं थांबवू नका.

टाइम ट्रायलला सुटताना खेळाडूचे दोन्ही पाय पेडलवर असतात आणि मागे एक माणूस सीट धरून उभा असतो. माणसं कमी पडली तर मला सांगा. मी येईन, एसटीचं भाडं माझं मी देईन.

आपला,
एक सायकलदुरुस्तीवाला