हार मानायची, पण कुठल्या शब्दांत?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसच्या कॉलवर ब्रिटिश आणि अमेरिकन मंडळी हार मानताना जे बोलतात ते डोक्यावरून जातं, असं तू लिहिलंस. शब्दकोशात त्यांतल्या बहुतेक शब्दप्रयोगांपुढे ‘हार मानणे’ एवढंच मिळेल. फरक असतो तो किती हरलो आणि कुणापुढे, यात.

‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे पूर्ण माघार, प्रकल्पच सोडून देणं. एखादा मुद्दा हरलास म्हणून हे बोलू नकोस; लोकांना वाटेल तू कामच सोडलंस. हा शब्दप्रयोग बॉक्सिंगमधला. तिथे टॉवेल लढणारा टाकत नाही, त्याच्या बाजूचा माणूस टाकतो. १९७५ साली मनिलात मुहम्मद अलीविरुद्धच्या लढतीत १४व्या फेरीनंतर जो फ्रेझरला अजून लढायचं होतं, पण त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. बोलण्यात मात्र जो तो आपलाच टॉवेल टाकतो. ‘इन’ गाळू नकोस. नुसतं ‘थ्रो द टॉवेल’ म्हणजे टॉवेल फेकणं, बाकी काही नाही.

‘टॅप आउट’ हलकं आहे. ज्युडोत पकड असह्य झाली की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारतात, तिथून ते आलं. लांबलेल्या चर्चेतून उठताना ‘आय ॲम टॅपिंग आउट’ चालतं. ‘आय ॲम टॅप्ड आउट’ म्हणालास तर अर्थ बदलतो: पैसे तरी संपलेत, नाहीतर अंगातली ताकद.

‘पॅक इट इन’ ब्रिटिश आहे. स्वतःबद्दल वापरलं तर काम किंवा प्रयत्न सोडणं; दुसऱ्याला दरडावून म्हटलं तर ‘पुरे कर हा चावटपणा’. वरिष्ठांना चुकूनही नको. ‘से अंकल’ अमेरिकेतल्या पोरांच्या झटापटीतलं, थट्टेपुरतं. इंग्लंडमध्ये फारसं कुणी बोलत नाही.

‘टेक द एल’ मधला एल म्हणजे लॉस. तरुणांच्या गप्पांत ठीक. ईमेलमध्ये पोरकट दिसतं, आणि समोरच्याला ‘टेक द एल’ सांगणं म्हणजे डिवचणं. ‘जीजी’ ऑनलाइन खेळांतलं, मूळ अर्थ ‘छान खेळ झाला’. स्टारक्राफ्टमध्ये हरणारा ते टाइप करून बाहेर पडतो. जिंकणाऱ्याने डाव संपण्याआधीच लिहिलं तर तो उद्धटपणा.

‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांत चांगल्या चांगल्यांची गल्लत होते. पहिल्यात प्रयत्न सोडतो, दुसऱ्यात कुणाच्या तरी दबावापुढे नमतो. ग्राहकाने तगादा लावला म्हणून किंमत कमी केली, तर ते ‘गिव्ह इन’.

तुला रोज लागेल ते वेगळंच. समोरच्याचं म्हणणं पटलं तर ‘फेअर पॉइंट’. तुझी माहिती चुकीची निघाली तर ‘आय स्टँड करेक्टेड’. हे थोडं औपचारिक, म्हणून ईमेलमध्ये बिनधास्त लिही. कुणी चपखल उत्तर देऊन तोंड बंद केलं तर ‘तूशे’. तो तलवारबाजीतला फ्रेंच शब्द, माहितीतली चूक कबूल करायला चालत नाही. आणि ‘फेअर इनफ’चा सूर नीट ऐक. ब्रिटिश माणूस ते सपाट आवाजात म्हणाला, तर पुष्कळदा त्याला तुझं पटलेलं नसतं, फक्त वाद थांबवायचा असतो. ईमेलमध्ये हा सूर कळत नाही, तेव्हा तिथे संमती गृहीत न धरता एकदा स्पष्ट विचारून घे.

ताईला आणि भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा