‘ओपन इलेक्टिव्ह’ डोळे उघडे ठेवून निवडा

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या पहिल्या वर्षाला मुख्य विषयाबरोबर ‘ओपन इलेक्टिव्ह’, म्हणजे आपल्या पसंतीचा एक विषय, घ्यावा लागतो, आणि तोही दुसऱ्या विद्याशाखेतला. म्हणजे विज्ञानाच्या मुलीला इतिहास किंवा चित्रपट रसग्रहण शिकण्याची अधिकृत मुभा! पण अर्ज भरताना बहुतेक मुले मित्राने घेतलेला विषय घेतात, नाहीतर ‘सोपा’ म्हणून कानावर आलेला.

विषयाच्या नावावर जाऊ नये. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून त्यातले घटक आणि मूल्यमापन वाचावे. अंतर्गत गुण प्रकल्पाला आहेत की पाठांतराच्या चाचणीला, यावर विषयाची गोडी निम्मी ठरते. श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेबही करावा. दोन श्रेयांकांच्या तासिका विषयाला सत्रात ३० तास लागतात, प्रात्यक्षिकाला ६०. छायाचित्रणासारखा विषय हौसेने घेतला आणि आठवड्याचे चार तास प्रयोगशाळेच्या वेळेवर आदळले, की हौस दिवाळीपर्यंतही टिकत नाही. म्हणून आधी वेळापत्रक पाहावे, जमल्यास त्या शिक्षकांच्या एखाद्या तासाला बसून यावे.

जागा मर्यादित असतात, तेव्हा दुसरा आणि तिसरा पसंतीक्रमही मनापासून भरावा. तिथे काहीतरी टिचकी मारणाऱ्यांच्या वाट्याला नेमके तेच येते.

महाविद्यालयांनीही यादी प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी फलकावर लावण्याऐवजी आठवडाभर आधी, शिक्षकांच्या नावांसह आणि वेळापत्रकासह द्यावी.

– पदवी महाविद्यालयातील दोन शिक्षक, सांगली