फाटक्या पोस्टरांपाशी थांबवणाऱ्या सिन्योरांना

सिन्योरा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. तेही मराठीत, कारण आभार मला नीट मराठीतच मानता येतात.

रोमच्या त्या प्रदर्शनात इटालियन चित्रकार मिम्मो रोतेल्लांच्या फाटक्या पोस्टरांपुढून मी सटकत होते. "असलं तर आपल्या एसटी स्टँडच्या भिंतीवरही दिसतं," असं नवऱ्याला म्हणालेही. शब्द तुम्हाला कळले नसणार, सूर कळला. खुर्चीवरून उठून तुम्ही मला चित्राच्या कडेला, भिंतीला गाल टेकेल इतकं जवळ उभं केलंत.

तिथून दिसलं सगळं. कागदावर कागद, कितीतरी थर. मधे वाळून पिवळी पडलेली खळ. एका कोपऱ्यात पोस्टराबरोबर उखडून आलेला गिलाव्याचा चिमूटभर पोपडा.

माझं मोडकंतोडकं इटालियन सांभाळून घेत तुम्ही सांगत राहिलात. रोतेल्लांचा 1918 मध्ये दक्षिण इटलीतल्या कातांझारोला जन्म, आईचा बायकांच्या हॅट बनवायचा व्यवसाय. 1951-52 मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कॅन्सस सिटीला राहून आले, आणि परतल्यावर रंगवावंसंच वाटेना. मग 1953 च्या सुमारास रात्री रोमच्या भिंतींवरची पोस्टरं ओरबाडून घरी आणायची, कॅनव्हासवर चिकटवायची आणि पुन्हा फाडायची. हे 'पुन्हा' तुम्ही करून दाखवलंत, दोन बोटांनी हवेतला कागद हळूहळू सोलत. मी आपली समजत होते की आयतं फाटलेलं मिळालं आणि यांनी टांगलं! त्याला देकोलाज म्हणतात हेही तेव्हाच कळलं. कोलाजमध्ये चिकटवत जायचं, इथे सोलत जायचं.

जगाला त्यांची मर्लिन मन्रो ठाऊक, साठच्या दशकातल्या सिनेमाच्या पोस्टरांतली. मला विचाराल तर ती जरा जास्तच देखणी आहे. मला आवडली ती पोस्टराची पाठ पुढे केलेली चित्रं. नट नाही, अक्षर नाही. नुसता डिंक, गंज आणि भिंतीची माती. तुम्हीही तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळलात, हे माझ्या लक्षात आलं होतं.

परवा ट्रामच्या थांब्यावर सर्कशीचं एक पोस्टर अर्धवट लोंबत होतं. खालून दुसरं निळं काहीतरी डोकावत होतं. माझा हात गेलाच होता, नवऱ्याने वेळीच धरला.

तुमची आभारी,
ती घाईतली बाई